रोजचा दीड जीबी दिसतो कसा? अदृश्य डेटाला आकार देणाऱ्या कलाकृतींची गोष्ट

'तुमचा आजचा ५० टक्के डेटा वापरून झाला आहे.' हा मेसेज न आलेला माणूस आता शोधूनही सापडायचा नाही. दुपारी जेवताना दोन-चार रील बघितल्या, ग्रुपवर आलेले लग्नाचे व्हिडिओ आपोआप डाउनलोड झाले, की अर्धा कोटा संपतो. रात्री बारा वाजता तो पुन्हा भरतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पण नेमकं संपलं काय? सिलिंडर संपला तर तो हलका लागतो, टाकी संपली तर नळ कोरडा पडतो. डेटा संपला तर फक्त एक आकडा बदलतो.

हा आकडा लहान नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकडेवारीनुसार मार्च २०१४ मध्ये भारतातला एक ग्राहक महिन्याला सरासरी ६१.६६ एमबी मोबाइल डेटा वापरत होता. मार्च २०२३ मध्ये तोच आकडा १८.३९ जीबी झाला, म्हणजे जवळपास ३०० पट. नोकिया कंपनीच्या अहवालानुसार २०२४ मध्ये ही सरासरी महिना २७.५ जीबीवर पोचली. २०१४ साली एका जीबीला साधारण २६९ रुपये पडायचे. तेव्हा लोक व्हिडिओ लावण्याआधी दोनदा विचार करायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, दर कोसळले आणि मोजून वापरायची सवयही गेली. डेटा दिसत नव्हताच, पण निदान खिशाला जाणवत होता. आता तेही नाही.

एक जीबी म्हणजे किती पुस्तकं?

एक साधा हिशोब करून बघू. संगणकात मराठी मजकूर साठवण्याची सध्याची सर्वसाधारण पद्धत युनिकोडची आहे. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट जागा घेतं. इंग्रजीचं अक्षर एकाच बाइटमध्ये मावतं. पुस्तकाच्या एका पानावर काना-मात्रा धरून दोन हजार चिन्हं असतील असं माना. पान झालं सहा हजार बाइटचं आणि ३०० पानांचं पुस्तक साधारण १.८ एमबीचं.

या मापानं रोजचा दीड जीबी म्हणजे सुमारे ८३० पुस्तकं. प्रत्येक पुस्तक दोन सेंटीमीटर जाडीचं धरलं आणि एकावर एक रचलं, तर साडेसोळा मीटरची चळत होते, पाच मजली इमारतीएवढी. एका दिवसाची, एका माणसाची. महिन्याचे २७.५ जीबी घेतले तर पंधरा हजारांवर पुस्तकं आणि ३०० मीटर उंची.

अर्थात कुणी रोज ८३० पुस्तकं वाचत नाही. यातला बहुतेक भाग व्हिडिओचा असतो आणि व्हिडिओ मजकुरापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो. पण पाच मजली चळत डोळ्यांपुढे उभी राहिली की दीड जीबी हा शब्द पूर्वीसारखा वाटत नाही. नेमकं हेच काम जगभरातले काही कलाकार गेली तीस वर्षं करत आहेत. त्याला 'डेटा फिजिकलायझेशन' असं नाव आहे. साध्या मराठीत सांगायचं तर माहितीला हात लावता येईल, भोवती फिरता येईल असा आकार देणं. पडद्यावरचा आलेख यात मोडत नाही. दोरा, कागद, लोकर, दगड, दिवे अशी खरी वस्तू लागते.

नागपूरकरांना ही कल्पना नवी नाही

सिव्हिल लाइन्समधला झिरो माइलचा स्तंभ आठवा. सेल्फी काढताना शेजारचे चार घोडे फ्रेममध्ये येतात, पण हे स्मारक मुळात आकड्यांचं आहे. ब्रिटिशांच्या ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा हा १९०७ सालचा उंचीमापनाचा संदर्भबिंदू. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट ही उंची तिथे नोंदवलेली आहे आणि हैदराबाद, जबलपूर, रायपूर, चांदा अशा गावांची मैलांमधली अंतरं दगडात कोरलेली आहेत. हजारो मोजण्या, वह्यांचे ढीग, कित्येक वर्षांचं काम, आणि शेवटी हे सगळं एका चौकात उभं राहिलं. नागपूर देशाच्या बरोब्बर मध्यावर आहे की नाही यावर वाद घालणारे घालोत. दगडातला डेटा मात्र जागेवर आहे.

दुसरं उदाहरण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं. इतवारी-महाल भागात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून काढली जाते असं सांगतात. तिच्याबरोबर बडगे निघतात, आणि ते महागाईचे असतात, भ्रष्टाचाराचे असतात, त्या वर्षी लोकांना जे छळतंय त्याचे असतात. महागाई दिसत नाही, तिची टक्केवारी छापून येते. नागपूरकर तिला हातपाय देतात, कपडे चढवतात, गावभर फिरवतात आणि जाळून टाकतात. दिसत नसलेल्या गोष्टीला अंग देऊन तिच्याशी बोलायचं, ही रीत या शहराला चांगली ठाऊक आहे.

छताला टांगलेला दोरा

डिजिटल डेटापुरतं बोलायचं तर या प्रकाराची सुरुवात सांगताना अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या एका दोऱ्याचं नाव हमखास घेतलं जातं. १९९५ च्या सुमारास नताली जेरेमिजेन्को या कलाकार तिथे काम करत होत्या. त्यांनी छताला एक छोटी मोटर बसवली आणि तिला आठ फुटांचा प्लॅस्टिकचा दोरा टांगला. मोटर ऑफिसच्या नेटवर्क केबलला जोडलेली होती. केबलमधून माहिती गेली की मोटरला बारीक झटका बसायचा आणि दोरा हलायचा. नेटवर्कवर गर्दी असली की दोरा गरागरा फिरायचा, आवाज करायचा. शांतता असली की काही सेकंदांनी एखादा झटका, बस.

दोरा कॉरिडॉरच्या एका कोपऱ्यात होता. आसपासच्या खोल्यांमध्ये बसलेल्यांना मान वर न करताही कळायचं की आज नेटवर्क तापलंय. त्याच केंद्रातले मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी या दोऱ्यावर लिहिलं आणि 'शांत तंत्रज्ञान' ही कल्पना मांडताना त्याचा दाखला दिला. आजच्या नोटिफिकेशनच्या अगदी उलट वागणूक. तो कुणाला हाक मारत नव्हता आणि 'बघा, बघा' म्हणत नव्हता. पावसाचा आवाज खिडकीतून यावा तसा त्याचा आवाज यायचा. या यादीतली ही सगळ्यात साधी कलाकृती आहे, आणि बहुधा सगळ्यात प्रामाणिकही, कारण ती डेटा वाहत असतानाच, त्याच क्षणी दाखवत होती.

कागदाचे डोंगर

पुढच्या काळातल्या बऱ्याच कलाकारांनी दुसरा रस्ता धरला: छापा आणि ढीग लावा. नेदरलँड्सच्या एरिक केसल्स यांनी २०११ मध्ये ॲमस्टरडॅमच्या फोम या छायाचित्र संग्रहालयात, फ्लिकर या साइटवर फक्त २४ तासांत अपलोड झालेले फोटो छापून खोल्यांमध्ये ओतले. छताकडे चढत गेलेले लाखो फोटो. वाढदिवस, कुत्री, समुद्रकिनारे, जेवणाची ताटं. लोक त्या ढिगावरून चालत होते. इन्स्टाग्राम तेव्हा वर्षभराचंच होतं हे लक्षात घेतलं, तर आजच्या एका दिवसाचा ढीग कुठवर जाईल याचा अंदाज करावा.

२०१५ मध्ये मायकल मँडिबर्ग यांनी इंग्रजी विकिपीडिया पुस्तकांमध्ये मांडला. प्रत्येकी ७०० पानांचे ७,४७३ खंड झाले. न्यूयॉर्कच्या गॅलरीत त्यातले शंभरएक खंडच प्रत्यक्ष छापून ठेवले होते आणि आणखी बऱ्याच खंडांच्या पाठी भिंतीवर चित्रासारख्या चिकटवल्या होत्या. सगळे छापायला ना पैसा होता ना जागा. ही अडचण लपवली नाही हे बरंच झालं, कारण सगळे खंड मावत नाहीत हेच तर दाखवायचं होतं.

ढिगांची कमाल अशी की बघणारा थक्क होतो. मर्यादा अशी की थक्क होऊन घरी जातो. 'बापरे, किती!' यापुढे तो ढीग फारसं काही बोलत नाही.

'आय ॲग्री' म्हणताना काय मान्य केलं?

याहून थेट काम दिमा यारोविन्स्की या डिझायनरनं केलं. २०१८ मध्ये जेरुसलेमच्या बेझालेल अकादमीत शिकताना त्यानं फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, गुगल, टिंडर, ट्विटर यांच्या अटी-शर्ती रंगीत कागदांच्या लांबलचक पट्ट्यांवर छापल्या आणि भिंतीवरून खाली सोडल्या. कागद जमिनीवर पसरत गेले. प्रत्येक पट्टीवर किती शब्द आणि वाचायला किती वेळ, तेही लिहिलं. इन्स्टाग्रामच्या पट्टीवर सुमारे १७ हजार शब्द होते. मिनिटाला २०० शब्द या वेगानं वाचले तर ८६ मिनिटं. जे बटण आपण अर्ध्या सेकंदात दाबतो त्यामागे जवळपास दीड तासाचं वाचन आहे, हे सांगायला त्याला दुसरं काही करावंच लागलं नाही.

यात भारतीय वाचकाचा संबंध कायद्यातून येतो. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्या पीठात नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते, ते पुढे सरन्यायाधीश झाले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहेत. संमती घेताना दिली जाणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणं या कायद्यानं बंधनकारक केलं आहे. म्हणजे मराठीतही. ती पट्टी मराठीत किती लांब होईल आणि किती जण ती वाचतील, हे पुढे दिसेलच.

हवेतलं वायफाय

एक सुंदर प्रयोग नॉर्वेचा. २०११ मध्ये टिमो आर्नाल, यॉर्न क्नुत्सेन आणि आइनार स्नेवे मार्टिनुसेन यांनी चार मीटर उंचीची एक काठी बनवली आणि तिच्यावर ८० दिवे बसवले. वायफायचा सिग्नल जितका जोरदार, तितके जास्त दिवे पेटणार. रात्री ही काठी घेऊन ओस्लोच्या रस्त्यांवरून चालायचं आणि कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. फोटोत प्रकाशाची उंच-सखल भिंत उमटते. इमारतीजवळ ती उंच होते, बागेत खाली येते, कोपऱ्यावर मोडते. घरातलं वायफाय घरातच असतं हा समज एका फोटोत जातो, कारण कुणाचं वायफाय कुठवर रस्त्यावर सांडतंय ते त्यात स्पष्ट दिसतं.

वजन जास्त, म्हणून महत्त्व जास्त?

आता या सगळ्या कलाकृतींमधली एक गफलत. ढीग जेवढा मोठा तेवढी गोष्ट गंभीर, असं बघणाऱ्याला वाटतं. डेटाच्या बाबतीत हे बहुतेक वेळा उलट असतं.

पुन्हा हिशोब करू. एखादं ॲप दर पाच मिनिटांनी तुमचं ठिकाण नोंदवतं असं समजा. दिवसाला २८८ नोंदी, वर्षाला १,०५,१२०. एका नोंदीत वेळ, अक्षांश आणि रेखांश. तिला २० बाइट धरले तर वर्षभराची सगळी नोंद होते २.१ एमबी. वरच्या मापानं एका मराठी पुस्तकाहून जरासं जास्त. मोबाइलवरचा एक साधा फोटोही कित्येकदा यापेक्षा जड असतो.

या एका पुस्तकात काय आहे? रात्री तुम्ही कुठे झोपता, कामावर कधी पोचता, कुठल्या दवाखान्यात किती वेळ बसलात, कोणत्या सभेला गेलात, कुणाच्या घरी वारंवार जाता. दुसरीकडे रील बघण्यात गेलेल्या ८३० पुस्तकांच्या चळतीत तुमच्याबद्दल यातलं जवळपास काही नाही. कुठली रील कितव्या सेकंदाला सोडली, ही नोंद मात्र आहे, आणि तीही काही बाइटचीच. डेटा प्लॅनमधले जीबी हे तुमच्याकडे येणाऱ्या मालाचं वजन आहे. तुमच्याकडून जे जातं ते इतकं हलकं असतं की मीटरवर त्याची नोंद धड दिसतही नाही.

हे ओळखणारी कलाकृती ढिगासारखी दिसत नाही. ब्रिटिश कलाकार जेम्स ब्रायडल यांना २०११ मध्ये कळलं की त्यांचा आयफोन त्यांच्या नकळत ठिकाणांची फाइल ठेवत होता. जून २०१० ते एप्रिल २०११ या काळातल्या ३५ हजारांहून जास्त नोंदी तिच्यात सापडल्या. ब्रायडल यांनी त्या नकाशांवर उतरवल्या आणि एक पुस्तक बांधलं. एकच पुस्तक, दोनशेवर नकाशे. त्यातल्या काही ठिकाणी आपण गेल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. त्याच वर्षी जर्मनीतले ग्रीन पक्षाचे राजकारणी माल्टे श्पिट्झ यांनी मोबाइल कंपनीकडे साठलेला स्वतःचा सहा महिन्यांचा डेटा कायदेशीर लढाई करून मिळवला आणि 'त्साइट ऑनलाइन'नं तो नकाशावर मांडून सर्वांसाठी खुला केला. तिथेही ३५ हजारांच्या आसपासच नोंदी होत्या. तेवढ्यात एका माणसाचं सहा महिन्यांचं आयुष्य मिनिटामिनिटानं उलगडत गेलं.

महाराष्ट्रात या प्रश्नाच्या जवळ जाणारं काम मुंबईच्या 'कॅम्प' या स्टुडिओचं आहे. शायना आनंद आणि अशोक सुकुमारन हे त्याचे संस्थापकांपैकी. सीसीटीव्ही, वीज, केबल, फोन अशा रोजच्या यंत्रणा उघड्या करून दाखवणं हा त्यांचा जुना विषय. 'बॉम्बे टिल्ट्स डाउन' या २०२२ च्या कलाकृतीसाठी त्यांनी मध्य मुंबईतल्या ३५ मजली इमारतीवर बसवलेला एक सीसीटीव्ही कॅमेरा वापरला. कॅमेरा क्षितिजापासून हळूहळू खाली झुकत येतो: टॉवर, चाळी, पत्रे, रस्त्यावरची माणसं. हे अनेक पडद्यांवर एकाच वेळी चालतं. पाळत ठेवणाऱ्या यंत्राला किती दूरचं आणि किती जवळचं दिसतं, हे कळतं तेव्हा बघणारा क्षणभर वर बघतो. कोचीच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात ही कलाकृती होती. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात कॅम्पच्या कामाचं स्वतंत्र प्रदर्शनही झालं.

धूर, राख आणि चुकलेला आकडा

डेटा 'क्लाउड'मध्ये असतो म्हणतात, पण तो असतो जमिनीवर: ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये आणि वर्सोव्याला किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्राखालच्या केबलमध्ये. या सगळ्याला वीज लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्क्याच्या आसपास. नागपूरच्या उशाला कोराडी आणि खापरखेड्याची कोळशावरची वीज केंद्रं आहेत. त्यांच्या चिमण्या शहरातून दिसतात. मात्र वीज ग्रिडमध्ये एकत्र मिसळते, त्यामुळे अमुक रीलसाठी कोराडीचा इतका कोळसा जळला असं कुणी दाखवत असेल, तर त्याला हिशोब मागावा.

कारण इथे मोठ्या चुका झाल्या आहेत. अर्धा तास ऑनलाइन व्हिडिओ पाहणं म्हणजे १.६ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच सहा-साडेसहा किलोमीटर गाडी चालवणं, असा आकडा २०१९ मध्ये जगभर फिरला. फ्रान्समधल्या एका अभ्यासगटाच्या कामावरून तो आला होता. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या विश्लेषणात खरा आकडा कित्येक पटींनी कमी निघाला. मूळ हिशोबात बिट आणि बाइटची गल्लत झाली होती, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. गाडीचं चित्र मात्र लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलं. अदृश्य गोष्टीला आकार देण्याची ताकद ही अशी, आकडा चुकला तरी आकार टिकतो.

घरी करून बघायचं तर

यासाठी गॅलरी लागत नाही. म्युनिक परिसरातल्या एका बाईंनी २०१८ मध्ये आपली रेल्वे रोज किती उशिरा धावते ते वर्षभर स्कार्फमध्ये विणलं. रोज दोन ओळी. पाच मिनिटांच्या आत उशीर असेल तर राखाडी लोकर, अर्ध्या तासापर्यंत गुलाबी, त्याहून जास्त असेल तर लाल. तो स्कार्फ पुढे लिलावात साडेसात हजार युरोंना गेला आणि पैसे रेल्वे स्टेशनवर गरजूंना मदत करणाऱ्या संस्थेला दिले गेले. जॉर्जिया लुपी आणि स्टेफनी पोसावेक या दोघी डिझायनरांनी वर्षभर, ५२ आठवडे, न्यूयॉर्क-लंडन अशी पोस्टकार्डं पाठवली. दर आठवड्याला रोजच्या जगण्यातली एक गोष्ट मोजायची आणि हातानं काढून पाठवायची. एका आठवड्याचा विषय फोनचं व्यसन हा होता. ही पोस्टकार्डं आता मोमाच्या संग्रहात आहेत.

आपल्याकडे दारात रांगोळी असतेच. फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपचा डेटा वेगळा दिसतो. एका जीबीला एक ठिपका धरला तर महिन्याची रांगोळी अंगणात मावते. पण त्याच सेटिंगमध्ये 'परवानग्या' हा विभागही आहे. कोणत्या ॲपनं ठिकाण, माइक, कॅमेरा कधी वापरला ते बऱ्याच नव्या फोनमध्ये दिसतं. ठिपके त्याचे काढून बघावेत: जितक्या वेळा ठिकाण वाचलं गेलं तितके लाल ठिपके, एका दिवसाचे. जीबीच्या रांगोळीपेक्षा ही रांगोळी वेगळी दिसेल. आणि टॉर्चच्या ॲपपुढे लाल ठिपका काढावा लागला, तर ते ॲप त्या दिवशीच काढून टाकता येतं.